प्रजाती म्हणजे जाती नव्हे!

वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर ह्या झाडांच्या प्रजाती किती? वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. बहुतेक मुले 'चार' म्हणून मोकळी होतील. रोज वर्तमानपत्र वाचणारी मोठी माणसेही तेच उत्तर देतील. पण आपल्या शालेय पुस्तकांतील परिभाषेप्रमाणे बरोबर उत्तर 'एक' असे आहे. ह्या चारही झाडांची प्रजाती एकच. तिचे नाव फायकस. जाती मात्र चार आहेत. वड म्हणजे फायकस बेंगालेन्सिस, पिंपळ म्हणजे फायकस रिलिजिओसा, उंबर म्हणजे फायकस रॅसिमोसा आणि अंजीर म्हणजे फायकस कॅरिका.

सजीवांच्या वर्गीकरणाची शिडी तुम्हाला पाठ असेलच. सृष्टी, संघ (वनस्पतींच्या बाबतीत विभाग), वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि सर्वांत खाली जाती. इंग्रजीत जिला 'जीनस' म्हणतात ती आपली प्रजाती आणि जिला 'स्पीशीज' म्हणतात ती आपली जाती. कार्ल लिनीअस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली वनस्पतींसाठी आणि १७५८ साली प्राण्यांसाठी दोन शब्दांच्या नावांची जी पद्धत रूढ केली, तीत पहिला शब्द प्रजातीचा असतो आणि दुसरा शब्द त्या प्रजातीतील विशिष्ट जाती दाखवितो. शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी आणि नाव मागाहून लिहितात, तसाच हा प्रकार. एका आडनावाची चार भावंडे असावीत, तशी फायकस ह्या आडनावाची ही चार झाडे.

इथवर सगळे सरळ आहे. गोंधळ होतो तो पुस्तक मिटून वर्तमानपत्र उघडल्यावर. तेथे प्रत्येक पक्षी 'दुर्मिळ प्रजातीचा' असतो, प्रत्येक साप 'विषारी प्रजातीचा' आणि प्रत्येक कुत्रा 'परदेशी प्रजातीचा'. शास्त्राच्या तासाला जो शब्द एका अर्थाने शिकविला, तोच घरी येऊन दुसऱ्याच अर्थाने वाचायचा, अशी विद्यार्थ्याची ओढाताण चालू आहे. आणि हल्ली काही शिक्षकही वर्तमानपत्राच्या बाजूने झुकू लागले आहेत.

शब्दांचा एवढा बाऊ कशाला, असे कोणी म्हणेल. त्यासाठी एक उदाहरण पाहू. रानपिंगळा हा आपल्या महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचा पक्षी. १८७३ साली ॲलन ह्यूम ह्यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीलायक नमुना मिळाला नाही आणि तो नामशेष झाला असावा असे मानले जाऊ लागले. नंतर १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या जंगलात जिवंत दिसला. आज मेळघाटातही तो आढळतो. पण त्याची संख्या थोडी आहे आणि जंगल तुटत गेले तर त्याची धडगत नाही. ह्या पक्ष्याचे शास्त्रीय नाव अथीनी ब्लेविटी.

आता 'रानपिंगळ्याची प्रजाती नष्ट होण्याच्या मार्गावर आहे' हे वाक्य घ्या. परिभाषा मानली तर त्याचा अर्थ असा होतो की, अथीनी ही सबंध प्रजाती नष्ट होत आहे. आणि अथीनीत कोण कोण येते? गावातल्या आंब्याच्या ढोलीतून संध्याकाळी चिरकणारा साधा पिंगळा अथीनीच आहे. युरोपातील छोटे घुबड, ज्याला ग्रीक लोकांनी अथीना देवीचा पक्षी मानले, तेही अथीनीच. ह्यांपैकी कोणीही संपत आलेले नाही. संकटात आहे ती ब्लेविटी ही एक जाती. म्हणजे वाक्य कळवळ्याने लिहिलेले, पण खोटे.

उलट मॉरिशस बेटावरचा डोडो पाहा. रॅफस ह्या प्रजातीत डोडो ही एकच जाती होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शेवटचा डोडो मेला, तेव्हा जाती गेलीच, पण तिच्याबरोबर प्रजातीही गेली. सहा भावंडांच्या घरातले एक माणूस जाणे आणि एकुलत्या एका वारसाबरोबर घराणे बुडणे, ह्या दोन निरनिराळ्या हानी आहेत. दोन्हींना एकच शब्द वापरला तर हानीचे मोजमापच करता येत नाही.

हा गोंधळ आला कोठून? माझ्या मते त्याची कारणे दोन. एक कारण हिंदीचे. हिंदीच्या शालेय पुस्तकांत 'जीनस'ला वंश आणि 'स्पीशीज'ला जाति म्हणतात. पण हिंदी वर्तमानपत्रे 'स्पीशीज'ला सर्रास प्रजाति म्हणतात. हिंदीत त्याने फारसे बिघडत नाही, कारण 'जीनस'साठी वंश हा शब्द वेगळा राखलेला आहे. मराठीत मात्र प्रजाती हा शब्द आधीच एका जागेवर बसलेला आहे. बातम्या आणि जाहिराती हिंदीवरून घाईघाईने मराठीत येतात आणि पाहुणा शब्द यजमानाच्या खुर्चीवर बसतो.

दुसरे कारण अधिक खोल आहे, आणि त्याबद्दल मोकळेपणाने बोलले पाहिजे. 'जात' म्हटले की आपल्याकडे माणसाच्या मनात बेडूक किंवा बाभूळ येत नाही. दाखल्यावरचा रकाना येतो, लग्नाची बोलणी येतात, गावातले निराळे पाणवठे आठवतात. हा शब्द लिहिताना सुशिक्षित माणूस चाचरतो. तेव्हा त्यापुढे 'प्र' लावला की तो धुऊन स्वच्छ झाल्यासारखा वाटतो. ह्यामागची भावना चांगली आहे, हे मला मान्य आहे. पण भावना चांगली असली तरी उपाय चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का, हे शब्दाच्या इतिहासावरून दिसेल.

संस्कृतातील 'जन्' म्हणजे जन्मणे ह्या धातूपासून 'जाति' शब्द झाला. लॅटिनमधील 'जीनस' हा त्याचाच दूरचा भाऊ. दोन्ही एकाच प्राचीन मुळापासून निघाले. 'स्पीशीज' ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र 'दिसणे, रूप' असा होता आणि त्याचे नाते आपल्या 'पश्य'शी, म्हणजे पाहण्याशी आहे. गंमत अशी की, व्युत्पत्तीने पाहिले तर आपली 'जाति' ही 'जीनस'ची बहीण, आणि आपण तिला बसविले 'स्पीशीज'च्या जागी! तरीही ही निवड मला वाईट वाटत नाही. न्यायशास्त्रात 'जाति' हा शब्द फार पूर्वीपासून आहे. अनेक निरनिराळ्या गाई पाहूनही 'ही गाय' असे एकच ज्ञान ज्यामुळे होते, ते त्यांच्यातले सामान्य 'गोत्व', ती जाति, असे नैयायिक सांगत. समाजातल्या जातीपाशीच हा शब्द संपत नाही. एका कपाटात चुकीची वस्तू ठेवली म्हणून कपाट टाकून देण्याचे कारण नाही.

'प्र' ह्या उपसर्गाबद्दलही दोन शब्द. पितामहाच्या वरचा तो प्रपितामह. त्याच न्यायाने जातीच्या वरची ती प्रजाती आणि खालची ती उपजाती, अशी ही तीन पायऱ्यांची सुंदर शिडी आहे. कोणी भाषापंडित म्हणतील की, प्रशाखा ही शाखेच्या वर नसते, शाखेला फुटलेली असते; मग 'प्र' म्हणजे वरच कशावरून? त्यांचे म्हणणे खरे आहे. उपसर्गावरून निकाल लागत नाही. निकाल लागतो तो संकेतावरून. आणि संकेत एकदा ठरला की तो सर्वांनी पाळायचा असतो. मीटर एवढाच लांब का, असे आपण दर वेळी विचारीत नाही.

उपजातीचा उल्लेख आलाच आहे, तर चित्त्याची गोष्ट सांगायला हवी. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. त्या वेळी 'हा वेगळ्या प्रजातीचा चित्ता आहे' अशी टीका पुष्कळांनी केली आणि 'नाही, प्रजाती तीच आहे' असे उत्तर इतरांनी दिले. दोन्ही पक्ष एकाच शब्दाने भांडत होते. खरी स्थिती अशी की, ॲसिनोनिक्स ही प्रजाती तीच, ज्युबेटस ही जातीही तीच. वेगळी आहे ती उपजाती. आपल्याकडे पूर्वी होता तो आशियाई चित्ता, आणि त्यातले फार थोडे आज इराणात उरले आहेत. उपजातीतला फरक मोठा मानायचा की लहान, ह्यावर वाद जरूर घालावा. तो महत्त्वाचा वाद आहे. पण आधी आपण शिडीच्या कोणत्या पायरीबद्दल बोलत आहोत ते तरी ठरले पाहिजे.

उपजातीहूनही निराळी गोष्ट म्हणजे वाण. हापूस, पायरी, केशर, तोतापुरी हे सगळे मँजिफेरा इंडिका ह्या एकाच जातीचे वाण आहेत. मँजिफेरा प्रजातीत पन्नासहून अधिक जाती आहेत. पण हापूस ही काही त्यांतली एक नव्हे. भाजीबाजारात तर ह्याहून नवल दिसते. पानकोबी, फुलकोबी, नवलकोल आणि ब्रोकोली ही चारही रूपे ब्रॅसिका ओलेरासिया ह्या एकाच जातीची आहेत. माणसाने कोठे पान वाढविले, कोठे फूल, कोठे खोड. मोहरी दिसायला त्यांच्याहून फार वेगळी नाही, पण ती दुसरी जाती आहे. प्रजाती तेवढी तीच. डोळ्यांना दिसणाऱ्या फरकावर विसंबून जाती ठरवू नये, हे शिकवायला भाजीच्या टोपलीइतके चांगले साधन नाही.

शेतकरी मात्र हापूसला आंब्याची 'जात' म्हणणार आणि खिल्लार, डांगी, देवणी ह्यांना बैलांच्या 'जाती' म्हणणार. म्हणू द्या! लिनीअसच्या कितीतरी आधीपासून हा शब्द त्याच्याकडे आहे, आणि आपण तो त्याच्याकडून उसना घेतला आहे. अडचण एवढीच की, 'जात' ह्या बोलीतल्या शब्दाचे अनेकवचन 'जाती' होते आणि 'जाती' ह्या शास्त्रीय शब्दाचे एकवचनही 'जाती' आणि अनेकवचनही 'जाती'च. 'आंब्याच्या जाती' म्हणजे हापूस-पायरी की मँजिफेराच्या निरनिराळ्या जाती, हे वाक्यावरून कळत नाही. म्हणून शास्त्रीय लेखनात पिकांसाठी 'वाण' हा सुटसुटीत शब्द वापरावा आणि 'जाती'ला तिच्या जागी एकटे राहू द्यावे.

आता जाती म्हणजे तरी काय? एर्न्स्ट मायर ह्या शास्त्रज्ञाने १९४२ साली दिलेली व्याख्या आजही सर्वांत उपयोगी आहे. निसर्गात आपापसांत प्रजनन करणाऱ्या आणि इतरांपासून प्रजननाच्या दृष्टीने अलग असलेल्या समूहांची मिळून एक जाती होते. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे, गाढवाच्या पेशीत ६२; त्यांच्यापासून होणाऱ्या खेचराला ६३ येतात आणि क्वचित् अपवाद सोडता खेचराला पिल्ले होत नाहीत. म्हणून घोडा आणि गाढव ह्या दोन जाती. प्रजाती एकच, इक्वस. उलट, देशी गाय आणि पहाडी कुत्रा एकमेकांपासून जितके दूर, तितका खिल्लार आणि डांगी ह्यांच्यात भेद नाही. त्यांची वासरे पुढे वाढतात आणि वितात. ही व्याख्या सगळीकडे चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. जिवाणूंना ती लागू पडत नाही, जीवाश्मांना लावून पाहता येत नाही, आणि बिया नसलेल्या आपल्या खायच्या केळ्यापुढे तर ती गप्पच बसते. निसर्गाने रेघा आखून दिलेल्या नाहीत. पण घोडा, गाढव, वाघ, माणूस ह्यांच्यापुरती ती भरवशाची आहे.

माणसाचे नाव आले, आणि येथेच 'जाती' हा शब्द टाळण्याने आपले नुकसान कसे होते ते दिसते. 'घोडा तो घोडा आणि गाढव ते गाढव, दोहोंची मिसळ निसर्गाला मान्य नाही. माणसांच्या जातींचेही तसेच' असे बोलणारे लोक आजही भेटतात. ह्या बोलण्याला उत्तर द्यायचे तर शास्त्रातली जाती काय असते हे त्याच शब्दात सांगता आले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' ह्या ग्रंथात नेमके हेच केले आहे. माणूस आणि पशू ह्यांना विज्ञान भिन्न जाती मानते. पण माणसामाणसांतले भेद हे एकाच जातीतले प्रकार आहेत, त्यांची एकमेकांपासून संतती होते आणि ती संतती वांझ नसते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. जीवशास्त्राच्या तासाला शिकलेली व्याख्या समाजाच्या एवढ्या मोठ्या प्रश्नाला लावून दाखविल्याचे ह्याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. पृथ्वीवरच्या सर्व माणसांची जाती एक, होमो सेपियन्स. हे वाक्य 'जाती' हाच शब्द वापरून म्हटले की मराठी माणसाच्या कानात जसे घुमते, तसे 'प्रजाती' म्हटल्याने घुमत नाही. जो शब्द टोचतो, तोच येथे कामाचा आहे.

शिवाय दोन्ही शब्द आपापल्या जागी असले की अशी वाक्ये लिहिता येतात : होमो ह्या प्रजातीत एके काळी अनेक जाती होत्या, इरेक्टस होती, निआंडरथल होती, आज आपली एकच उरली आहे. वर्तमानपत्री मराठीत हे वाक्य लिहून पाहा. लिहिता येत नाही.

काही मराठी लेखक प्रजातीऐवजी 'वंश' लिहितात. हिंदीशी मेळ बसेल, हा त्यातला फायदा. पण मराठीत 'वंश' हा शब्द माणसांच्या वर्णभेदाशी, वंशवादाशी इतका जखडलेला आहे की, जातीच्या काटेरी झुडपातून निघून वंशाच्या काटेरी झुडपात पडल्यासारखे होईल. एका नव्या, निर्मळ शब्दाची वाट पाहण्यापेक्षा आहेत ते दोन शब्द नीट वापरावेत, असे माझे मत आहे.

प्रजाती ही जातीपेक्षा अधिक माणसाच्या मतावर अवलंबून असते, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. लिनीअसने १७५३ साली टोमॅटोला सोलॅनम ह्या प्रजातीत, म्हणजे वांगे आणि बटाटा ह्यांच्या घरात घातले. १७६८ साली फिलिप मिलरने त्याला वेगळे काढून लायकोपर्सिकॉन ह्या निराळ्या प्रजातीत टाकले. पुढे आनुवंशिक पुराव्यामुळे तो पुन्हा सोलॅनममध्ये परत आला. रानपिंगळ्यालाही ह्यूमने आधी हेटेरोग्लॉक्स ह्या स्वतंत्र प्रजातीत बसविले होते. टोमॅटो तोच, पिंगळा तोच, घर बदलले. जातीच्या बाबतीतही मत बदलते, नाही असे नाही. नागराज हा जगातला सर्वांत लांब विषारी साप. ऑफिओफॅगस ह्या प्रजातीत दीर्घ काळ एकच जाती मानली जात होती. २०२४ साली शास्त्रज्ञांनी तिच्या चार जाती केल्या, आणि गोवा-कर्नाटक-केरळच्या पश्चिम घाटातील नागराजाला ऑफिओफॅगस कालिंगा हे नाव मिळाले. ज्या सापाचा मुलूख आपण मोठा समजत होतो, तो चार तुकड्यांत वाटला गेला. म्हणजे प्रत्येक जातीची संख्या आणि जागा पूर्वी वाटत होती त्यापेक्षा कमी. संरक्षणाचा हिशेब ह्यामुळे नव्याने मांडावा लागतो. (आणि नावावर जाऊ नका. नागराज हा आपल्या नागाचा राजा नव्हे, सख्खा भाऊही नव्हे. नागाची प्रजाती नाजा, ही वेगळीच आहे.)

शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. महिनाभर वर्तमानपत्रांतील 'प्रजाती' हा शब्द असलेली कात्रणे मुलांकडून जमवून घ्यावीत आणि प्रत्येक ठिकाणी लेखकाला जाती म्हणायचे आहे, उपजाती म्हणायचे आहे की वाण, ते शास्त्रीय नाव शोधून ठरवायला सांगावे. खरोखर प्रजाती म्हणायचे होते, अशी कात्रणे फार थोडी निघतील. पण ती निघतात. २००३ साली केरळच्या पश्चिम घाटात जमिनीखाली राहणारा, जांभळट रंगाचा, टोकदार नाकाचा एक बेडूक शास्त्राला प्रथमच ठाऊक झाला. तो इतका वेगळा होता की, त्याच्यासाठी जाती नवी, प्रजाती नवी आणि कुलही नवे मांडावे लागले. आपल्या 'नासिका' ह्या शब्दावरून त्या प्रजातीचे नाव नासिकाबॅट्रॅकस ठेवण्यात आले. पुढे २०१७ साली त्याच प्रजातीत भूपती ही दुसरी जाती सापडली. पहिल्या वेळी एक अख्खे अनोळखी घराणे उजेडात आले होते, दुसऱ्या वेळी त्या घराण्यातले आणखी एक भावंड. दोन्ही बातम्यांचा मथळा 'बेडकाची नवी प्रजाती सापडली' असाच दिला, तर वाचणाऱ्याने ह्या दोन शोधांतला फरक ओळखायचा कशावरून?